साडेआठ मीटर गाणं

गाण्यावर चित्र काढा म्हटलं की बहुतेक जण आधी चंद्र काढतात. गाण्यात चंद्र असला तर हमखास, नसला तरी कोपऱ्यात एक. मग त्याखाली पाठमोरी जोडी, पाण्यात थरथरणारं प्रतिबिंब आणि उत्साह उरलाच तर वळणदार अक्षरांत गाण्याचा मुखडा. चित्र वाईट नसतं. पण ते गाण्याचं नसतं, गाण्यातल्या शब्दांचं असतं. शब्द कवीनं आधीच लिहून ठेवलेत. ते पुन्हा रंगात लिहून आपण त्यात काय भर घातली?

माझ्याकडे रविवारी चित्रं काढायला येणाऱ्या मंडळींशी माझा हाच वाद चालतो. आमच्या सोमाटण्यात गाण्यांना तोटा नाही. फाट्यावर जरा वेळ उभं राहा. टोलनाक्याच्या रांगेतल्या टेम्पोत प्रल्हाद शिंदे गात असतात, वडापावच्या गाडीवर किशोरकुमार, मागून येणाऱ्या वरातीच्या डीजेवर काय वाजतंय ते ऐकू येण्याआधी छातीत कळतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव, त्यामुळे इथं गाणं बसून ऐकलं जात नाही; ते येतं आणि जातं. अशा ठिकाणी राहून गाण्यावर चंद्र काढायचा म्हणजे कमालच.

माझं म्हणणं असं, की गाणं ज्या वस्तूवर बसून आपल्यापर्यंत आलं ती वस्तूच चित्रात येऊ द्यावी. तबकडी, कॅसेट, थिएटरबाहेर विकत मिळणारी गाण्यांची चोपडी, रेडिओचं जाळीदार कापड. मिश्र माध्यम, म्हणजे एकाच फळीवर रंगाबरोबर कागद, कापड, दोरा, माती चिकटवणं, हे मी त्यासाठीच धरलं.

फाट्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे मी कॅसेट घ्यायला जाते. पहिल्यांदा त्यानं मला त्या वजनावरच दिल्या. "ताई, प्लॅस्टिकचे पैसे होतील. आतली फीत काही कामाची नाय, काढून टाका." मी म्हटलं, "दादा, मला फीतच हवी आहे, प्लॅस्टिक तुम्ही ठेवा." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की टोलचे पैसे दोनदा भरणाऱ्या माणसाकडेही कुणी पाहत नसेल. आता मात्र तो कॅसेट बाजूला काढून ठेवतो. भजनी मंडळांच्या, लावणीच्या, हिंदी सिनेमाच्या, आणि कुणाकुणाच्या लग्नात बॅंडवाल्यांना ऐकवायला भरून घेतलेल्या.

फीत हातात घेतल्यावर मला एक हिशेब सुचला. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास फिरते, हा वेग जगभर एकच. म्हणजे तीन मिनिटांचं गाणं साडेआठ मीटर फितीवर बसतं. नऊवारी लुगड्याहून किंचित लांब! हे कळल्यापासून मी गाण्याचा नुसता तुकडा लावणं सोडलं. टेपरेकॉर्डरवर गाणं सुरू होतं तिथं फितीवर पांढऱ्या पेन्सिलीची खूण करायची, संपतं तिथं दुसरी, आणि मधली सगळी फीत कापून घ्यायची. ती सगळीच्या सगळी चित्रात गेली पाहिजे. कुठं उलगडेल, कुठं गुंडाळी होईल, कुठं एकमेकींवर चढेल, ते पाहू. पण मुखड्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत गाणं त्या फळीवर खरोखरच असतं. पाहणाऱ्याला ऐकू येत नाही, इतकंच.

फीत चिकटवणं हे काम मात्र चिकाटीचं. ती पॉलिस्टरची, गुळगुळीत. साधा पांढरा फेव्हिकॉल तिला नीट धरत नाही. शिवाय कोरड्या हवेत ती अंगाला, बाहीला, मांजराला, सगळ्यांना चिकटते, फक्त फळीला नाही. ॲक्रिलिक जेलचा ओला थर द्यायचा, फीत त्यात बोटानं दाबत न्यायची आणि वरून पातळ टिश्यू कागद पसरून पुन्हा जेल. पावसाळ्यात हे करू नये. लोणावळ्यात कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत बराच ओसरतो, तरी जुलैत हवा इतकी दमट की थर दिवसेंदिवस ओलसर राहतो आणि कडेनं बुरशी धरते. फळी प्लायची घ्यावी. कागद कितीही जाड असला तरी एवढ्या ओलीनं फुगतो.

आणि त्या फितीचा रंग! साध्या, स्वस्त कॅसेटच्या फितीवरचा तपकिरी थर लोहाच्या ऑक्साइडचा असतो. आपल्या गेरूचा लालही लोहाच्या ऑक्साइडचाच. म्हणजे आजीनं तुळशीवृंदावनाला जे फासलं, त्याच्याच जातकुळीतल्या पुडीवर पुढं लता-आशाचे आवाज साठवले गेले. मी फितीशेजारी गेरू लावते तेव्हा दोन्ही रंग एका घरातले असल्यासारखे शेजारी बसतात. कारण ते आहेतच.

त्याआधीच्या तबकड्यांचंही तसंच. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुंबाच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात तीच, त्यात दगडाची पूड आणि काजळी कालवलेली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गजानन वाटव्यांच्या काळातलं भावगीत तेवढ्यातच आटपायचं. आणि सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला जे पॉलिश करतात, तेही लाखेचंच. भावगीतावरच्या चित्राला मी शेवटचा हात त्या पॉलिशचाच देते. चांगली तबकडी मात्र फोडू नये. फुटकी मिळाली तरच तिचा तुकडा लावावा; अख्खी तबकडी चित्रासाठी फोडणाऱ्याला कलाकार म्हणायची माझी तयारी नाही.

हे सगळं मी शोधलं असं वाटून घेऊ नका. पॅरिसमध्ये १९११-१२च्या हिवाळ्यात पिकासोनं एका बाईचं चित्र रंगवलं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मा जोली' असं लिहिलं. त्या वेळी तिथल्या नाट्यगृहांतून गाजत असलेल्या एका गाण्याच्या धृपदातले ते शब्द. चित्रात बाई शोधावी लागते, पण रस्त्यावरचं गाणं लगेच कानात वाजतं. त्याच १९१२ साली त्यानं गाण्याच्या छापील स्वरलिपीचा कागद फाडून गिटारच्या चित्रात चिकटवला. गाण्याची प्रतिमा नव्हे, गाण्याचा कागदच. पुढं चित्रकार मोंद्रियान उतारवयात न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या बुगी-वुगी नाचगाण्याच्या प्रेमात पडला. १९४४च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा त्याचं 'व्हिक्टरी बुगी-वुगी' अपुरंच होतं. त्यावर रंगीत चिकटपट्ट्यांचे आणि कागदांचे तुकडे तसेच राहिले आहेत. ठेका पकडता पकडता माणसाचा हात थांबला, हे त्या तुकड्यांत दिसतं. रंगवून पुरं झालं असतं तर कदाचित इतकं दिसलं नसतं.

आता आमच्या जवळचं सांगते. सोमाटण्याहून तळेगाव हाकेच्या अंतरावर, आणि तळेगाव म्हणजे गो. नी. दांडेकरांचं गाव. त्यांच्या 'जैत रे जैत' कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये सिनेमा केला. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथांचं. कर्नाळ्याच्या डोंगराखालचे ठाकर, ढोल वाजवणारा नाग्या, त्याचा डोळा घेणारी राणी माशी आणि तिचा सूड घ्यायचा त्यानं धरलेला ध्यास. त्यातलं आशाबाईंचं जांभळाच्या झाडाचं गाणं माहीत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

माझ्याकडच्या एका वहिनींनी हे गाणं घ्यायचं ठरवलं आणि पहिल्या कागदावर झाड, झाडाखाली ठाकरीण, हातात जांभळं, सगळं झटपट काढून आणलं. छान काढलं होतं. दिनदर्शिकेत सहज खपेल असं. मी म्हटलं, "वहिनी, हे बाजूला ठेवा. या सिनेमात कशाकशाला हात लागतो ते आधी सांगा." त्यांनी विचार करून सांगितलं: मध, मेण, ढोलाचं कातडं, जांभूळ. चित्राचं सगळं सामान त्यात आलं.

मेण मधमाशीचंच घ्यायचं, मेणबत्तीचं नाही. साठ-बासष्ट अंशांच्या पुढं ते वितळतं, म्हणून ते थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचं आणि थोडी राळ घालायची, म्हणजे थर कडक होतो. इजिप्तमध्ये फायूमला दोन हजार वर्षांपूर्वी मृतांचे चेहरे असेच मेणात रंगवले, ते अजून आपल्याकडे टक लावून पाहतात. फक्त प्लास्टिकसारख्या ॲक्रिलिकच्या थरावर मेण धरत नाही, सुटून येतं. म्हणून वहिनींनी फळीचा खालचा भाग कोरा, नुसतं लाकूड ठेवला आणि तिथं मेण ओतलं. थंड होताना सुईनं त्यात पोळ्याची घरं कोरली. वरच्या भागात जेल आणि फीत: आशाबाईंचं अख्खं गाणं, फांद्यांसारखं फाकत गेलेलं. मधल्या पट्ट्यात ढोल. ढोलाचं चित्र नाही; गाणं लावून, गेरूत अंगठा बुडवून, प्रत्येक थापेला एक ठसा. जिथं ठेका चढतो तिथं ठसे एकमेकांवर आले. तो पट्टा पाहून गाणं न ओळखताही माणूस मान हलवतो, हे मी पाहिलंय.

राहिलं जांभूळ. जूनमध्ये कामशेत-कार्ल्याकडच्या बायका रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसतात, तिथून आणलेलं. त्याचा रस हा एक विलक्षण प्रकार आहे. साध्या कागदावर तो जांभळाच राहतो, खडूची भुकटी असलेल्या प्रायमरवर पडला की निळसर राखाडी होतो, आणि लिंबाचा थेंब पडला की लालसर. वहिनींनी एकाच रसातून तीन रंग काढले आणि कुंचला बाजूला ठेवून बोटांनीच लावले. हा रंग उन्हात टिकत नाही, वर्षभरात विटतो. मी ते त्यांना आधीच सांगितलं होतं. "विटू दे की," त्या म्हणाल्या, "जांभळाचा डाग तरी कुठं जन्मभर राहतो?" चित्र विकायचं असेल तर अर्थात नळीतलाच जांभळा घ्यावा.

इथं एक जण मला नेहमी अडवतो, आणि त्याचं बरोबर आहे. "आपल्या जुन्या चित्रकारांनी तर शब्दच रंगवले ना?" विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं 'किताब-ए-नौरस'मध्ये रागांत बांधलेली गीतं लिहिली, आणि त्या काळात दख्खनेत रागमाला चित्रं झाली. त्यांत रागाची मूर्ती, वेळ, ऋतू, सगळं काव्यात सांगितल्याप्रमाणे. आपल्या कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीला, चित्रकथी तर चित्र दाखवत गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. त्यांची चित्रं रामायण-महाभारतातल्या कथेबरहुकूम असतात. मग माझा चंद्रावरचा राग कशासाठी?

माझं उत्तर असं. पिंगुळीचं चित्र भिंतीवर टांगायला काढलेलं नाही. गाणं पुढं सरकलं की चित्र बाजूला होतं, दुसरं वर येतं. तिथं गाणारा गळा हजर असतो, म्हणून चित्रानं फक्त कथा सांभाळली तरी चालतं. आपल्या दिवाणखान्यात गळा नसतो. फळी एकटीच असते. तिला गाण्याचा अंश अंगावर घेऊनच यावं लागतं.

खरी अडचण नव्या मुलांची आहे. दहावीतला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, माझं गाणं मोबाइलवर आहे. त्याला फीत नाही, तबकडी नाही, चोपडी नाही. मी काय चिकटवू?" प्रश्न चोख होता. फास्टॅग आल्यापासून आमच्या नाक्यावरच्या पावत्याही गेल्या, नाहीतर प्रवासात ऐकलेल्या गाण्यांना त्या चालल्या असत्या. मी त्याला विचारलं, तू हे गाणं कुठं ऐकतोस? चौराईच्या डोंगरावर, बैलगाडा घाटाच्या वाटेवर, लोकलमध्ये? तिथली माती, तिथलं तिकीट, तुटलेल्या इअरफोनची वायर. त्यानं वायर सोलून आतली तांब्याची तार काढली आणि डीजेच्या ठोक्यावर फळीवर खिळे मारून ती ताणली. हात लावला की ती झंकारते. चित्राला हात लावू देऊ नये हा नियम त्या एका चित्रापुरता मी मोडला.

तुम्हाला हे घरी करावंसं वाटलं तर दोन विनंत्या. माळ्यावर सिनेमाच्या गाण्यांच्या जुन्या चोपड्या सापडल्या तर मूळ चोपडी चिकटवू नका, दुकानात झेरॉक्स काढा. तिची शाई पाण्यानं पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची पसरते. मूळ चोपडी जपून ठेवा, किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करा; १९६४ पासून ते अशा गोष्टी सांभाळतात. आणि कॅसेट कापण्याआधी दोन्ही बाजू एकदा पूर्ण ऐका. एखाद्या भजनाच्या शेवटी, उरलेल्या फितीवर, घरातल्या कुणीतरी कधीतरी आपला आवाज टेप करून ठेवलेला असतो. ती कॅसेट कात्रीपासून लांब ठेवा.