दोघेही ख्रिस्ती, मग लग्नाला बिशपची परवानगी कशाला? कॅथलिक-प्रोटेस्टंट विवाहाचे नियम समजून घ्या

मुलगा कॅथलिक, मुलगी सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. दोघेही ख्रिस्ती, नाताळ एकाच दिवशी. शेजारच्यांना यात 'वेगळं' काही दिसत नाही. कायद्यालाही दिसत नाही. पण मुलाच्या चर्चमध्ये लग्नाची तारीख घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो तो बिशपच्या परवानगीचा.

दापोडीत हा प्रश्न का येतो?

दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी आणि पुढे खडकी छावणी. ब्रिटिश सैन्याच्या काळापासून खडकीत दोन्ही परंपरा शेजारी नांदतात: कॅथलिकांचं सेंट इग्नेशियस आणि मूळचं अँग्लिकन असलेलं ऑल सेंट्स. पुढे पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडूतली कुटुंबं आली. नगर जिल्ह्यातून (आताचं अहिल्यानगर) मराठी ख्रिस्तीही आले. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. नंतर तिथे जेझुइट फादर आले, मुक्तिफौजही आली. त्यामुळे एकाच गावचे, एकाच आडनावाचे लोक वेगवेगळ्या चर्चचे असू शकतात. त्यांची मुलं आता एकाच कॉलेजात, एकाच कंपनीत भेटतात.

कायदा काय म्हणतो?

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. वधू-वरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी तो लागू होतो. पंथ वेगळा असणं हा या कायद्यात अडथळा नाही. विवाह निबंधकाकडे लग्न करता येतं किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊनही करता येतं.

एक गोष्ट मात्र तपासलीच पाहिजे. लग्न लावणाऱ्या व्यक्तीला तसा कायदेशीर अधिकार हवा. हा अधिकार बिशपकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूंना किंवा सरकारी परवाना असलेल्या पाळकांना असतो. घरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांच्या प्रत्येक पास्टरकडे परवाना असतोच असं नाही. अधिकार नसताना लग्न लावणं हा कलम ६८ खाली गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मग परवानगी कुणाला लागते?

कॅथलिक जोडीदाराला. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत अशा लग्नाला 'मिश्र विवाह' म्हटलंय. त्यासाठी बिशपची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या धर्मगुरूंची परवानगी लागते. अर्ज पॅरिशच्या फादरांमार्फत जातो.

कॅथलिक व्यक्तीचं लग्न अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावं, असाही नियम आहे. तसं झालं नाही, तर कायद्याच्या दृष्टीने वैध असलेलं लग्नही कॅथलिक चर्च मानत नाही.

प्रोटेस्टंट जोडीदाराला कॅथलिक व्हावं लागतं का?

नाही. सगळ्यात जास्त भांडणं याच गैरसमजातून होतात. पूर्वी मुलांना कॅथलिक म्हणूनच वाढवू, असं वचन दोघांनाही द्यावं लागे. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी हा नियम बदलला. आता वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो: आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व संस्कार मिळावेत म्हणून शक्य ते सर्व करीन. दुसऱ्याला या वचनाची कल्पना देणं बंधनकारक आहे, पण त्याने सही करून काही कबूल करायचं नसतं.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय स्थापन झालं. पण ५० वर्षांहून जुना तो बदल अजून अनेक घरांपर्यंत पोहोचलेला नाही. आजी-आजोबांच्या काळातले नियमच लग्नाच्या बैठकीत सांगितले जातात.

बाप्तिस्म्याचा दाखला इतका महत्त्वाचा का?

पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं. त्यामुळे सीएनआय किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये असा बाप्तिस्मा झालेल्या मुलीला तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

मुक्तिफौजेचं तसं नाही. तिथे बाप्तिस्माच दिला जात नाही. फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणाऱ्या काही मंडळ्यांचा बाप्तिस्माही कॅथलिक चर्च वैध धरत नाही. अशा वेळी साधी परवानगी पुरत नाही, बिशपकडून खास सूट घ्यावी लागते. ती नसेल, तर चर्चच्या दृष्टीने लग्नच अवैध ठरतं.

दोन चर्च, दोन लग्नं?

सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे असं दोनदा लग्न लावण्याला कॅथलिक नियमांत मनाई आहे. मात्र कॅथलिक चर्चमधल्या विधीत सीएनआयचे पाळक वाचन करू शकतात, प्रार्थना करू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात. उलट, सबळ कारण असेल तर बिशप सूट देतात आणि लग्न वधूच्या चर्चमध्ये तिच्या पाळकांपुढे होऊ शकतं.

मिश्र विवाहाचा विधी सहसा मिस्साशिवाय होतो. कारण मिस्सा झाली की अर्धे पाहुणे कम्युनियन घेणार आणि अर्धे बसून राहणार.

परवानगी न घेताच लग्न झालं असेल तर?

कायद्याने ते लग्न टिकतं. कॅथलिक जोडीदाराला मात्र कम्युनियन घेता येत नाही. यावर उपाय आहे: फादरांशी बोलून लग्न नंतर नियमित करून घेता येतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्द ठरवलं म्हणून कायद्याने ते संपत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं. दिवाणी न्यायालयाचा आदेश नसताना दुसरं लग्न केलं, तर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा लागू शकतो.

खरा पेच कुठे आहे?

कागदपत्रं जमतात. अवघड असतो तो मुलांचा प्रश्न. एकाने चर्चला वचन दिलंय, दुसऱ्याने दिलेलं नाही, आणि बाळाचा बाप्तिस्मा एकदाच होतो. दुसऱ्या जोडीदाराच्याही श्रद्धेला तितकाच मान आहे, हे आता कॅथलिक चर्चही मानतं. पण निर्णय शेवटी जोडप्यालाच घ्यावा लागतो.

शिवाय 'पंथ वेगळा आहे' या वाक्याआड कधी कधी भाषा, गाव आणि जातही लपलेली असते. गोव्याचं कॅथलिक घर नगरच्या मराठी प्रोटेस्टंट स्थळाला नकार देतं, तेव्हा कारण दरवेळी धर्मसंहितेतच सापडेल असं नाही. अशा विरोधावर बिशपच्या परवानगीचा उपयोग होत नाही.

पत्रिका छापण्याआधी

- दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले काढा. कॅथलिक जोडीदाराचा दाखला नव्याने काढलेला हवा.
- काही महिने आधीच दोन्ही चर्चच्या धर्मगुरूंना भेटा.
- लग्न लावणाऱ्याचा अधिकार किंवा परवाना तपासा.
- मुलांचा बाप्तिस्मा आणि रविवारची उपासना कुठे, हे आधी दोघांत ठरवा, मग नातेवाइकांना सांगा.