बिऱ्हाड कोठे करावे?

नागपूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांना चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली. इंदोऱ्यातले घर सोडून मे महिन्यात बिऱ्हाड पुण्याकडे हलवायचे आहे. मुलगी सातवीत आहे, मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, सोबत सासूबाई आहेत. भगिनी विचारतात, चाकणलाच राहावे, की पिंपरी-चिंचवडला, की पुण्यात? आपल्या वस्तीत घ्यावे की सोसायटीत? आणि पत्राच्या शेवटी, अगदी सहज लिहावी तशी, एक ओळ आहे. दीर म्हणतात, घर पाहायला जाताना आडनाव सांगू नका, गावाचे नाव लावा. बाबासाहेबांचा फोटो दोन-तीन महिन्यांनी लावला तरी चालेल.

पत्र चार पानांचे आहे, पण खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच आहे असे आम्हास वाटते. तरी आधी व्यवहाराचे बोलू.

चाकणमध्ये घर घेतले तर यजमानांची दगदग वाचेल, हे खरे. पण घरात माणसे पाच आणि कारखान्यात जाणारा एक. बाकीच्या चौघांचा दिवस शाळा, दवाखाना, बाजार यांतच जायचा. चाकण परिसरातल्या पुष्कळ कंपन्यांच्या बसेस पिंपरी-चिंचवडमधून कामगारांना नेतात. रुजू होण्याआधी यजमानांनी विचारून घ्यावे, बस कोठून सुटते, रात्रपाळीलाही असते का. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी असे करीत रस्ता चाकणला जातो. या रस्त्यावर वाहनांची कोंडी इतकी होते की नकाशावरचे अंतर पाहून काहीच कळत नाही. दापोडी, कासारवाडी, पिंपरी या बाजूला राहिल्यास लोणावळा लोकल आहे, आता मेट्रोही आहे. खुद्द पुण्यात राहून रोज चाकण गाठणे मात्र आम्ही कोणाला सुचविणार नाही.

घर पाहताना लोक फरशी पाहतात, आधी नळ पाहावा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या अखेरीस एक दिवसाआड पाणी सुरू झाले. शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या कित्येक इमारती टँकरवर जगतात. एजंट हे सांगत नाही. खालचा किराणावाला सांगतो, आणि जिन्यात भेटलेली बाई तर सगळेच सांगते. नदीकाठी भाडे कमी दिसले तर पावसाळ्याची चौकशी करावी. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्यांचे संसार भिजले.

आता त्या ओळीकडे वळू.

फार वर्षांपूर्वी आमचीही बदली झाली होती. शहराचे नाव सांगत नाही. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने चांगल्या आळीत दोन खोल्या मिळाल्या. घरमालकाने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. बाबासाहेबांची तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली ती चौदा महिने तिथेच राहिली. चौदा एप्रिलला भल्या पहाटे निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला पुतळ्याला वंदन करून आलो. घरी गोडधोड केले नाही, शेजारी विचारतील कशाबद्दल म्हणून. हे सगळे आम्हास तेव्हा शहाणपणाचे वाटत होते. मग एकदा वडील गावाहून आले. दारातूनच त्यांनी मोठ्याने जयभीम घातला. आमची सहा वर्षांची मुलगी धावत गेली, आधी तिने दार लावले, आणि मग हळू आवाजात आजोबांना जयभीम म्हणाली. तिला हे कोणी शिकविले नव्हते. वडील काही बोलले नाहीत, पण त्या मुक्कामात त्यांना आमच्या घरचे जेवण गोड लागले नाही.

पुढच्याच महिन्यात आम्ही खोली सोडली. नवी खोली लहान होती, संडास सामाईक होता. ट्रंक उघडली तेव्हा काचेला बुरशी आली होती.

नाव लपवून मिळविलेल्या जागेचा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी घेतला आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नावाने एका पारशी सरायीत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक जाब विचारायला आले. सराय सोडावी लागली. मित्रांनीही घरी घेतले नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. विलायतेत शिकून आलेल्या माणसाची ही गत. आज लाठ्या दिसत नाहीत. "जागा नुकतीच गेली हो," किंवा "आमच्याकडे फक्त शाकाहारी," एवढ्यावर काम भागते. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याची घरे शोधण्याची पाहणी डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केली. दलित आणि मुसलमान नाव ऐकून घरे कशी नाकारली जातात हे तीत दिसले. म्हणजे दिरांची भीती खोटी नाही. त्यांच्यावर रागावू नये. उपाय मात्र आम्हास मान्य नाही.

मग आपल्याच वस्तीत राहावे काय? काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, वस्तीत मुले बिघडतात. काही म्हणतात, वस्ती सोडली तो समाजाला विसरला. दोन्ही बोलणी आम्हास पटत नाहीत. बाबासाहेब परळच्या चाळीत राहिले आणि पुढे ग्रंथांसाठी दादरच्या हिंदू कॉलनीत घरही बांधले. पण त्या घराला नाव दिले राजगृह. वस्ती कोणाची, यापेक्षा सासूबाईंना विहारात पायी जाता येते का, आणि मुलीला मैत्रिणींना घरी बोलवावेसे वाटेल का, हे पाहावे. दापोडीला महाविहार आहे, पिंपरी चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्या आसपास संमिश्र वस्तीत घर मिळाले तर दोन्ही साधेल. एजंटाला पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगावे. चार जागा हुकतील, पण पाचवी मिळेल ती उजळ माथ्याने राहण्यासारखी असेल.

कागदांचे विसरू नये. जातीचा दाखला आणि पडताळणीची कामे नागपूर सोडण्यापूर्वी उरकावीत. कारण अनुसूचित जातींचा दाखला १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंबाचे कायमचे वास्तव्य जिथे होते तिथलाच मिळतो. पुढे एका कागदासाठी रात्रभराचा प्रवास पडेल. भाडेकरार नोंदवूनच घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, १९९९ च्या, ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. या कराराचा आणखी एक उपयोग आहे. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा राखीव असतात. आपल्या मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, मात्र भाड्याने राहणाऱ्यांना अर्जाआधी नोंदलेला, चालू असलेला करार दाखवावा लागतो. निवड घरापासूनच्या अंतरावर होते, पहिला मान एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना. तेव्हा घर ठरविण्यापूर्वी धाकट्यासाठी जवळच्या शाळा पाहून ठेवाव्यात. मुलीला अडचण नाही, अभ्यासक्रम राज्यभर एकच आहे.

यजमानांनी आधी एकट्याने जाऊन महिनाभर कोणा नातलगाकडे काढावा आणि दोन-तीन घरे हेरून ठेवावीत. पसंती मात्र भगिनींनी स्वतः येऊन, शक्यतो पाणी येण्याच्या वेळी करावी. सासूबाईंना जिना चढवतो की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. तेवढे कळवावे.