विश्लेषण : संगणकाची ‘रजिस्ट्री’ साक्ष देते, पण कुणाविरुद्ध?

‘रजिस्ट्री’ म्हटले की काटोलच्या माणसाला दुय्यम निबंधकांचे कार्यालय, खरेदीखत आणि त्यामागून होणारा फेरफार आठवतो. पण आणखी एक रजिस्ट्री पतसंस्थेच्या, सेतू केंद्राच्या, संत्रा व्यापाऱ्याच्या आणि वकिलाच्या संगणकात दडलेली असते. तिच्यावर कुणी सही करत नाही, शिक्का मारत नाही; तरी ती रोज लिहिली जाते. उद्या पोलिसांनी तो संगणक जप्त केला, तर माणूस सुटणार की अडकणार, हे या नोंदींवरही ठरू शकते.

ही रजिस्ट्री नेमकी काय असते?

विंडोज या संगणक प्रणालीची ती मध्यवर्ती नोंदवही. १९९२ मध्ये विंडोज ३.१ सोबत ती मर्यादित रूपात आली; विंडोज ९५ पासून घरोघरच्या संगणकाचा सारा कारभार तिच्यावर चालू लागला. कोणते सॉफ्टवेअर बसवले आहे, कोणती खाती आहेत, कोणते यंत्र जोडले, संगणक सुरू होताच काय आपोआप चालू व्हावे, हे सारे तिच्यात असते. ‘सिस्टीम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘सिक्युरिटी’ आणि ‘सॅम’ या तिच्या मुख्य फायली. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याची ‘एनटीयूझर डॉट डॅट’ ही स्वतंत्र फाइल असते. गावाचा नमुना वेगळा आणि प्रत्येक खातेदाराचा उतारा वेगळा, तसेच हे.

तपासात तिचा उपयोग कसा होतो?

समजा, काटोलच्या एखाद्या पतसंस्थेतील खातेदारांची यादी बाहेर गेली आणि संशय एका कारकुनावर आला. ‘यूएसबीस्टोर’ या नोंदीत संगणकाला जोडलेल्या पेनड्राइव्हची कंपनी, प्रकार आणि अनुक्रमांक सापडतो. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत तो पहिल्यांदा कधी जोडला, शेवटचा कधी जोडला व कधी काढला, हेही कळते. वापरकर्त्याच्या फाइलमधील ‘माउंटपॉइंट्स’ची नोंद सांगते, की त्या वेळी कोणते खाते उघडे होते. ‘यूझरअसिस्ट’मध्ये कोणता प्रोग्रॅम किती वेळा आणि शेवटचा कधी चालवला, हे असते. ‘शेलबॅग्ज’मधून उघडलेल्या फोल्डरांची नावे मिळतात, पेनड्राइव्ह खिशात घालून नेला तरी त्यावरील फोल्डरचे नाव मागे राहू शकते.

मग एवढ्यावर गुन्हा सिद्ध होतो का?

नाही, आणि इथेच घाई अंगाशी येते. पेनड्राइव्ह जोडला होता, एवढे रजिस्ट्री सांगते. त्यावर कोणती फाइल उतरवली, हे ती सहसा सांगत नाही. खाते कुणाचे होते ते कळते. कळफलकावर बोटे कुणाची होती, ते कळत नाही. एकच पासवर्ड चौघांना ठाऊक असलेल्या कार्यालयात हा फरक लहान नाही.

वेळेचाही घोळ होतो. रजिस्ट्रीतील बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. नोंदीत ३ मार्चचे १८.४० दिसत असतील, तर काटोलात ४ मार्चचे मध्यरात्रीनंतरचे १२.१० वाजलेले असतात. तारीखच बदलते! त्या रात्री कारकून घरी होता की कार्यालयात, याचे उत्तर त्याबरोबर बदलते. संगणकाचे घड्याळच चुकीचे लावले असेल, तर तेही आधी तपासावे लागते.

नागपूरशी याचा संबंध काय?

एल्गार परिषद प्रकरणात ६ जून २०१८ रोजी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि दिल्लीतून रोना विल्सन यांच्यासह पाच जणांना अटक झाली. त्यांच्या संगणकांतील पत्रे हा आरोपांचा मोठा आधार होता. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने जप्त साहित्याच्या प्रतींची तपासणी केली. ‘नेटवायर’ या घुसखोर प्रोग्रॅमद्वारे दोघांच्या संगणकांत बाहेरून दस्तऐवज टाकण्यात आले, असा निष्कर्ष तिने २०२१ मध्ये मांडला. विल्सन यांच्या संगणकात वर्डची जुनी आवृत्ती होती, तर काही दस्तऐवज नव्या आवृत्तीत तयार झालेले होते, याकडेही तिने लक्ष वेधले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. खरे काय, हे न्यायालयानेच ठरवायचे आहे. पण धडा निकालापर्यंत थांबत नाही : फाइल सापडणे ही तपासाची सुरुवात आहे. ती तिथे कशी आली, कुणी उघडली, संगणकात आपोआप चालू होणारा परका प्रोग्रॅम होता का, हे प्रश्न पुढे विचारावेच लागतात.

कायदा काय म्हणतो?

जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरल्याचा वाद चित्रफितीपर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. मूळ यंत्र हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्राच्या ताब्यातील व्यक्तीचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात ‘हॅश’ नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे डेटाचा अंगठा. एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक केले आहे.

मग अडते कुठे?

पहिल्या तासात. जप्त केलेला संगणक ‘बघू या काय आहे’ म्हणून ठाण्यात सुरू केला, की रजिस्ट्रीत नव्या नोंदी पडू लागतात आणि काही जुन्या वेळा पुसल्या जातात. हेतू वाईट नसला तरी पुरावा डागाळतो. आरोपी दोषी असेल तर त्याला पळवाट मिळते आणि निर्दोष असेल तर त्याचा बचाव बुडतो. नागपूरला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पण पुरावा बिघडतो तो तिथे पोहोचण्याआधी, तालुक्याच्या ठाण्यात.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याच्या प्रत्येक ठाण्यात मूळ डिस्कवर काहीही लिहू न देणारे उपकरण आणि ते वापरता येणारा किमान एक प्रशिक्षित कर्मचारी असावा. हॅश जागेवरच काढून पंचनाम्यात लिहावा आणि त्याची प्रत संगणकाच्या मालकाला तिथेच द्यावी. जमिनीच्या फेरफारावर हरकत घ्यायला आपण नोटीस मागतो. ज्या नोंदीवर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले असते, तिच्यासाठी त्याहून कमी मागायचे कारण नाही.