पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं म्हणजे कायदा झाला का?

जिमवाल्यांनो, आजची पोस्ट तुमच्यावर आहे. राग आला तर येऊ द्या.

ओळखीतल्या एका पोराने डिसेंबरात वर्षाचे ९,६०० रुपये एकरकमी भरले. तीन महिन्यांत पुण्याला नोकरी लागली. गाव सोडायचं म्हणून उरलेले पैसे मागायला गेला, तर काउंटरवरून उत्तर, “फॉर्मवर सही केलीय ना? नॉन-रिफंडेबल.” बरं, उरलेले महिने धाकट्या भावाच्या नावावर करा म्हणाला. तर “नॉन-ट्रान्सफरेबल.” दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. मालकाने मला पत्रकार म्हणून चहा पाजला, पैशाचं मात्र नाव काढलं नाही.

मालकाची बाजूही सांगतो. मशिनी कर्जावर आणल्यात, जागेचं भाडं आहे, लाइटबिल आहे. जानेवारीत गर्दी आणि पावसाळ्यात शुकशुकाट. वर्षाचा दर स्वस्त दिला तो बारा महिन्यांच्या भरवशावर, मध्येच सोडणाऱ्याला तोच दर का द्यायचा? मान्य. नका देऊ. त्याच जिमचा महिन्याचा दर १,२०० आहे. वापरलेले तीन महिने त्या दराने धरा, ३,६०० झाले. उरले ६,०००. त्यातले दहा टक्के, म्हणजे ६००, रद्द करण्याचे म्हणून कापा. ५,४०० परत द्या. सवलत गेली, वर दंडही बसला. मालकाचं यात काय बुडालं, कुणीतरी मला समजावून सांगा.

पण खरं दुखणं वेगळं आहे. हा धंदा न येणाऱ्यांच्या पैशावर चालतो. पैसे भरलेले सगळे एकाच दिवशी सकाळी सहाला आले तर दंड-बैठकांनासुद्धा जागा उरणार नाही! कोण कधी गळणार याचा अंदाज मालकाला असतोच, म्हणून तर महिन्याचं विचारलं की वर्षाचं पॅकेज पुढे सरकवतात.

हप्त्यावर घेतलं असेल तर आणखी वाईट. फायनान्स कंपनीने जिमला पैसे आधीच दिलेले असतात. तुम्ही जाणं बंद केलं तरी खात्यातून हप्ता जातोच, आणि थांबवला तर सिबिल तुमचंच बिघडतं.

आता कायद्याचं. सही केली म्हणजे सगळं संपलं, हे खोटं आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल कागदावर कितीही रक्कम लिहिलेली असो, समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्यायकारक करार’ ही स्वतंत्र गोष्टच मानली. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट त्यात मोडते.

वाचून बरं वाटलं ना? आता मेख ऐका. अशा करारांविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यायची. पाच-सहा हजारांसाठी तालुक्याच्या गावचा माणूस राज्य आयोगापर्यंत जाईल का? नाही जाणार. हे दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांना कळायला हवं होतं. आपल्या काउंटरवरच्या पोराला मात्र पक्कं कळलेलं आहे, म्हणून तर तो “जा, कुठं जायचं तिथं जा” म्हणतो. आमदार-खासदार ढीगभर जिमची उद्घाटनं करतात, फित कापतात, डंबेल उचलून फोटो काढतात. एखाद्याने हा अधिकार जिल्ह्याला द्या म्हणून सभागृहात विचारलं तर मी पहिल्या पानावर बातमी लावतो.

तोवर हातात काय आहे? मशिनी बंद पडल्या, सांगितलेला ट्रेनर गायब झाला, बायकांची वेगळी वेळ परस्पर रद्द केली, तर ती सेवेतली त्रुटी. तिथे जिल्हा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. नुसतं सोडायचं असेल तर तोंडी भांडू नका. तारीख टाकून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचवतात, विशेषतः मोठ्या साखळीतली जिम असेल तर. आणि पक्की पावती घ्या हो! व्हॉट्सॲपवरचं “रिसिव्हड थँक्यू” घेऊन किती जण येतात माझ्याकडे.

गावातल्या सगळ्या जिममालकांना जाहीर विचारतो. मध्येच सोडलं तर किती परत देणार, याचा तक्ता दर्शनी भिंतीवर लावणार का? जो लावेल त्याच्या जिमचं नाव मी फुकट छापतो, जाहिरातीचे पैसे घेणार नाही. आणि ज्यांचे पैसे असे अडकलेत त्यांनी फॉर्मचा आणि पावतीचा फोटो इनबॉक्समध्ये टाका. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. दहा-बारा जमले की सगळे मिळून जाऊ.