उपरोध आणि टोमणा

"परीक्षेंत मोठे दिवे लावलेस!" असें आईनें म्हटलें असतां दहा वर्षांच्या मुलालाहि आपली स्तुति झाली असें वाटत नाहीं. शब्द स्तुतीचे, पण अर्थ उलटा, हें तो तत्क्षणीं ओळखतो. तोच मुलगा इंग्रजी उतारा वाचूं लागला म्हणजे मात्र प्रत्येक शब्द खरा धरून चालतो. म्हणून उपरोधाचा पाठ वरच्या वर्गांसाठीं राखून ठेवावा, असें कित्येकांचें म्हणणें असतें. आमच्या मतें तें बरोबर नाहीं. मुलाजवळ समज आहे. तिला परक्या भाषेंत वाट तेवढी दाखवावयाची आहे.

शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' नाटकांतील अँटनीचें भाषण घ्या. ब्रूटस हा सन्मान्य पुरुष आहे, असें तो पुनःपुन्हा सांगतो. परंतु कैद्यांच्या सुटकेचें द्रव्य सीझरनें सरकारी खजिन्यांत भरलें, राजमुकुट तीन वेळां नाकारला, हेंहि मधूनमधून सांगत जातो. शब्द तोच, पण त्याचा अर्थ पालटत जातो. हा भाग वर्गांत मोठ्यानें वाचवून घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावे: बोलणारा कोण, ऐकणारे कोण, आणि घडलेली गोष्ट शब्दांशीं जुळते काय?

स्विफ्टनें १७२९ सालीं, आयर्लंडमधील गरिबांचीं अर्भकें श्रीमंतांच्या भोजनासाठीं विकावीं, अशी गंभीर मुद्रेनें सूचना केली. ती अक्षरशः घेणारा वाचक लेखकालाच राक्षस समजेल. वस्तुतः त्याचा प्रहार गरिबांना नाडणाऱ्या जमीनदारांवर व राज्यकर्त्यांवर होता. एवढा अनर्थ होऊं शकतो, म्हणून हें शिक्षण क्षुल्लक नव्हे.

आतां दुसरी बाजू. टोमण्याला इंग्रजींत 'सार्कझम' म्हणतात. तो शब्द मांस फाडणें या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. उपरोध ढोंगावर व अन्यायावर चालतो. टोमणा समोरच्या माणसाच्या वर्मीं लागतो. हा भेद मुलें पुस्तकापेक्षां वडील माणसांच्या वागणुकींतून अधिक शिकतात. चुकलेल्या विद्यार्थ्यास "या, पंडितराव!" म्हणून सगळ्या वर्गास हंसविणारा शिक्षक शब्दाचा उलटा अर्थ शिकवितो खरा, पण तो मुलगा पुन्हा हात वर करीत नाहीं. मोबाईलवर धाडलेल्या लेखी निरोपांत तर आवाज नसतो, मुद्राहि नसते; तेथें थट्टेचा बाण अधिकच खोल रुततो.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, उपरोध ओळखावयास अवश्य शिका; परंतु तो योजण्यापूर्वीं, ज्याच्यावर तो पडणार तो बलवान आहे कीं दुबळा, एवढें आधीं पाहा.