मार्चची बिअर



हे संपादकीय लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. आपल्या अंकात दारूवर जेव्हा जेव्हा लिहिलं, ते दुकान बंद करण्यासाठीच लिहिलं. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी मीही दारोदार फिरले आहे. आणि गेल्या सप्टेंबरात एका बैठकीसाठी म्युनिकला गेले असताना, संध्याकाळी एका लहानशा ब्रुअरीच्या अंगणात झाडाखाली बसून मी बिअर प्यायले. आवडली. लपवण्यात अर्थ नाही.

तिचं नाव मेर्त्सन, म्हणजे मार्चची. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस, वास भाजलेल्या पावाच्या कडेचा. आधी गोडसर लागते, मग कडवट, आणि तो कडवटपणा फार वेळ रेंगाळत नाही. बव्हेरियात १५५३ साली फर्मान निघालं की बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात करायची, कारण उन्हाळ्यात ती नासे. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत ठेवत, उन्हाळाभर पुरवत, आणि नवा हंगाम तोंडावर आला की उरलेली पिंपं संपवत. थंडीत सावकाश आंबते, साठवणीत मुरते, म्हणून लागर; जर्मनमध्ये ‘लागर्न’ म्हणजे साठवणं. मला आईच्या लोणच्याच्या बरण्या आठवल्या.

मला तिथं घेऊन गेलेली मैत्रीण बायकांच्या मदत केंद्रात काम करते. ती म्हणाली, हे मुळात आमचंच काम होतं. खरंच आहे. युरोपात घरोघरी बिअर बायकाच करत. हॉप्सनं पेय टिकतं हे बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जोगिणीनं लिहून ठेवलं. पुढे धंद्यात पैसा आला, मोठं भांडवल लागू लागलं, आणि बायका मागे पडल्या. इंग्लंडपुरती ही हकिकत ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या पुस्तकात सविस्तर मांडली आहे. (मोहाची दारू गाळणाऱ्या आपल्या आदिवासी बायांना कायद्यानं गुन्हेगार ठरवलं, तेही इथं आठवावं.) बव्हेरियातल्या मल्लर्सडॉर्फच्या मठात मात्र सिस्टर डोरिस यांनी कित्येक दशकं स्वतः बिअर केली.

ऑक्टोबरफेस्ट मी लांबूनच पाहिला. १८१० साली युवराज लुडविगचं लग्न झालं, त्यातून तो सुरू झाला. मैदानाला नाव नवरीचं, टेरेसीचं. तिथं एक लिटरचा काचेचा मग भरला की दोन किलोच्या वर जातो, आणि असे आठ-दहा मग एकदम उचलून वाढणाऱ्या बऱ्याचशा बायकाच. गर्दीत अंगचटीला येणारे पुरुष तिथंही आहेत. म्हणून २००३ पासून तिथल्या स्त्री संघटना मैदानावरच एक केंद्र चालवतात. सोबतीण हरवली, कुणी त्रास दिला, घरी जायची भीती वाटली, तर तिथं जायचं. प्यायली होतीस का, हा प्रश्न दोष देण्यासाठी कुणी विचारत नाही. माझी मैत्रीण त्या रात्री तिथल्याच पाळीवर जाणार होती, म्हणून ती नुसतं सफरचंदाचं सरबत पीत होती.

परत आल्यावर हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं. काहीजणी हसल्या. आमची एक जुनी कार्यकर्ती, जिचा नवरा दारूनं गेला, गप्प होती. शेवटी म्हणाली, “ताई, तुम्ही प्यायलात त्याचं मला काही नाही. पण एक सांगा, तुम्ही पीत असताना घरी कुणी दार लावून, पोरांना पोटाशी धरून बसलं होतं का?”

नव्हतं. मी एवढंच म्हणू शकले.

“मग लिहा,” ती म्हणाली. “पण आमच्या वस्तीतल्या मतदानाची बातमी तुमच्या बिअरच्या आधी छापा.”

या अंकात ती पहिल्या पानावर आहे.