भाड्याचे घर आणि मधला कारभारी

पिंपरी-चिंचवडमध्ये आज घरमालक कोण आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु भाड्याच्या घरांचा कारभार पाहणाऱ्या कंपन्यांविषयी काही म्हणावयाचे तर आरंभ याच प्रश्नापासून करणे भाग आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत टेल्को, बजाज यांच्याभोवती लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, जळगाव येथून आलेला तरुण कामगार काळेवाडीत, भोसरीत, चिंचवडगावात भाड्याच्या खोलीत राहिला. या कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निर्माण झाले. २०२१ मध्ये ते विसर्जित होईपर्यंत त्याने किती कामगारांना घरे दिली आणि किती भूखंड इतरांच्या हाती गेले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ज्याला प्राधिकरणाने घर दिले नाही त्या कामगाराने पतसंस्थेचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधी आणि पत्नीचे दागिने एकत्र करून चिखलीत, मोशीत किंवा रहाटणीत घर घेतले. निवृत्तीनंतर तो गावी परतला, अथवा मुलाकडे राहावयास गेला, आणि ते घर त्याने भाड्याने दिले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान वेतन म्हणून दरमहा १,००० रुपये ठरले ते २०१४ मध्ये. या पैशांत ज्याचे औषधपाणीही भागत नाही त्याला त्या भाड्याचा आधार आहे. म्हणजे येथील बराचसा घरमालकवर्ग हा कालचा भाडेकरू आहे. ‘घरमालक विरुद्ध भाडेकरू’ ही मुंबईच्या चाळींतून आलेली सरळ मांडणी येथे पुरी पडत नाही.

दुसऱ्या बाजूला आजचा भाडेकरू आहे. चाकणला १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, २०१० मध्ये महिंद्र असे मोठे कारखाने आले. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांचा कायापालट झाला. पण तेथे काम करणारा मोठा वर्ग कायम नोकरीत नाही. तो कंत्राटी आहे, शिकाऊ आहे, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा थेट बिहार-ओडिशातून आला आहे. एका खोलीत चौघे-पाचजण कॉटच्या हिशेबाने राहतात. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर झोपतो. १९८३ च्या महाराष्ट्र कामगार किमान घरभाडे भत्ता कायद्याने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर वेतनाच्या शेकडा ५ किंवा २० रुपये, यांत जे अधिक असेल ते देण्याचे बंधन घातले. वेतन १४,००० धरले तर हा भत्ता होतो ७०० रुपये. एवढ्या पैशांत चाकण परिसरात कोणते घर मिळते, हे कोणीही विचारून पाहावे.

या दोघांच्या मध्ये आता कंपनी आली आहे. ती भाडेकरू शोधते, करार करते, भाडे वसूल करते, नळ गळला तर माणूस पाठवते आणि यासाठी मोबदला घेते. ही गरज खोटी नाही. बार्शीला राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाने मोशीतील गळक्या टाकीसाठी दर महिन्याला एसटीने यावे, असे कोण म्हणेल? शिवाय हा धंदा जन्मतःच लुबाडणुकीचा आहे असेही नाही. १८६५ साली लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी जॉन रस्किन यांनी पुरविलेल्या भांडवलातून मिळालेल्या मोडकळीच्या घरांचा कारभार हाती घेतला. त्या दर आठवड्याला स्वतः भाडे गोळा करीत आणि वाचलेला पैसा दुरुस्तीला लावीत. भांडवलावर शेकडा ५ परतावा देऊनही घरे माणसांना राहण्याजोगी ठेवता येतात, हे त्यांनी दाखविले. त्यांची शिस्त कडक होती, भाडे थकविणाऱ्याची गय त्या करीत नसत. पण भाडेकरूला दाद मागावयाची असेल तर समोर एक माणूस उभा असे.

महाराष्ट्राला मधल्या कारभाऱ्याचा अनुभव आहे, आणि तो निराळा आहे. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत होता. सारा गोळा करून देणे हे त्याचे काम. पण वही त्याच्या हाती होती, आणि ज्याच्या हाती वही त्याच्या हाती कूळ. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला, तेव्हा कोठे १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. आजची कंपनी खोत नाही. मालक तिला उद्या काढू शकतो. परंतु वही पुन्हा मधल्याच्या हाती गेली आहे, एवढे साम्य मात्र आहे.

म्हणून कारभार कोणाला द्यावा या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतील छायाचित्रांत शोधू नये. मोबदला कसा आकारला जातो ते पाहावे. समजा, भाडे १५,००० आहे. कंपनी म्हणते, आम्ही फक्त शेकडा ८ घेतो. महिन्याला १,२०० म्हणजे वर्षाला १४,४०० झाले. त्याशिवाय नवा भाडेकरू आणल्याबद्दल एक महिन्याचे भाडे, १५,०००. एकूण २९,४००, त्यावर शेकडा १८ वस्तू व सेवा कर धरला की ३४,६९२. वर्षाच्या १,८०,००० भाड्यातून हा आकडा काढला तर शेकडा ८ चे शेकडा १९ झालेले असतात. धन्याला धत्तुरा आणि चाकराला मलिदा, ही म्हण जुन्या लोकांनी उगाच केलेली नाही. पण खरा दोष रकमेत नाही, रचनेत आहे. ज्या कंपनीला नवा भाडेकरू आणल्याबद्दल एक महिन्याचे भाडे मिळते, तिला जुना भाडेकरू टिकावा असे का वाटावे? अकरा महिने संपताच भाडे वाढवून मागणे, न परवडले तर सोडून जाण्यास सांगणे, भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकाबद्दल अनामतीतून रक्कम कापणे, हे कोणा कारकुनाच्या दुष्टपणातून घडत नाही. मोबदल्याची रचनाच ते घडविते. मुलाची शाळा मात्र अकरा महिन्यांची नसते. तेव्हा भाडेकरू टिकला तर नूतनीकरणाला काही न घेणारी, किंवा नाममात्र घेणारी कंपनी निवडणे हे मालकाच्या हिताचे आहे आणि भाडेकरूच्याही. दोघांचे हित एकत्र येते अशी ठिकाणे अर्थव्यवहारात फार नसतात. हे एक आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कागद. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली होती. हे गोठविणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. नव्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. वाद निघाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे सर्रास सांगितले जाणारे वाक्य महाराष्ट्रात निव्वळ असत्य आहे. खर्चाचा बाऊही व्यर्थ आहे. वरच्याच उदाहरणात ४५,००० अनामत धरली तर शेकडा पाव दराने अकरा महिन्यांचे मुद्रांक शुल्क सुमारे ४२३ रुपये होते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. जी कंपनी एवढ्यासाठी साध्या कागदावर सह्या घेते तिला दारातूनच परत पाठवावे.

तथापि नोंदणी झाली म्हणजे सर्व झाले असे नाही. लीव्ह अँड लायसन्समधील माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. कलम २४ प्रमाणे मुदत संपताच मालक ताबा मागू शकतो, न दिल्यास दुप्पट नुकसानभरपाई मागू शकतो, आणि लेखी परवान्यात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा ठरते. म्हणजे करार जो टंकलिखित करतो तोच कायदा लिहितो. आणि करार टंकलिखित करते कंपनी. ‘रंगकामाचा खर्च अनामतीतून वजा होईल’, ‘कंपनीचा माणूस केव्हाही आत येऊन पाहणी करू शकेल’ अशी वाक्ये त्यात कोठून आली, हे मालकालाही पुष्कळदा ठाऊक नसते. मालकाने मसुदा मराठीत मागावा, प्रत्येक वाक्य वाचावे, आणि सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र कदापि देऊ नये. अधिकारपत्रात नेमकी कामे आणि मुदत लिहावी. अनामत मालकाच्या खात्यात जमा व्हावी, कंपनीच्या नव्हे.

काही कंपन्या याच्याही पुढे जातात: घर आम्हीच भाड्याने घेतो, तुम्हाला दरमहा ठरलेली रक्कम देतो, आत कोण राहील ते आम्ही पाहतो. निवृत्त माणसाला हे आकर्षक वाटते. पण एक कोटी किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीला दिलेल्या जागेला कलम ३ प्रमाणे १९९९ चा कायदा लागूच होत नाही. मालकाचा संबंध कंपनीशी, राहणाऱ्याचा संबंध कंपनीशी, आणि कंपनी उद्या बंद पडली किंवा विकली गेली तर दोघांनी एकमेकांची तोंडे पाहावयाची. २०१५ मध्ये बंगळूरला निघालेली आणि देशभर गाजलेली नेस्टअवे २०२३ मध्ये ऑरम प्रॉपटेकने सुमारे ९० कोटी रुपयांना विकत घेतली. धंद्यात असे घडतेच, त्यात गैर काही नाही. परंतु ज्या घरावर म्हातारपण विसंबून आहे त्याचा करार कोणाच्या हाती जाईल हे माहीत नसणे परवडण्यासारखे नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी पुरोगामी म्हणविणारी मंडळीही सोयीस्करपणे मौन पाळतात. नाव ऐकताच घर ‘आत्ताच गेले’ असे सांगितले जाते. मुसलमान कामगाराला, दलित तरुणाला, एकट्या राहणाऱ्या परिचारिकेला हा अनुभव नवा नाही. पूर्वी हा नकार मालकाला स्वतःच्या तोंडाने द्यावा लागे, आणि काहींना तरी त्याची लाज वाटे. आता तो कंपनी देते. कंपनी म्हणते मालकाची इच्छा, मालक म्हणतो सोसायटीचा नियम, सोसायटी म्हणते सभासदांचा ठराव. सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पारशी सोसायटीच्या खटल्यात मान्यता दिली, त्यामुळे न्यायालयाकडून फार आशा धरता येत नाही. पण ज्या साथीने वाकडमध्ये किंवा मोशीत घर घेतले आहे त्याने कंपनीला लेखी कळवावे की जात, धर्म आणि लग्न यांची चौकशी आपल्या घरासाठी होणार नाही. यासाठी कोणता कायदा आड येतो?

कायद्याची उणीव मात्र खरीच आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ मध्ये आला. पण त्यात मध्यस्थाची नोंदणी आहे ती विक्रीसाठी, भाड्यासाठी नाही. २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली, आणि मालमत्ता व्यवस्थापकाची कर्तव्येही घातली: भाड्याची पावती देणे, आवश्यक दुरुस्ती करणे, चुकल्यास भाडे न्यायालय त्याला दूर करू शकते. त्या कायद्याचा एकंदर कल बाजाराकडे आहे आणि तो जसाच्या तसा उचलावा असे नाही. पण एवढी कलमे महाराष्ट्राच्या कायद्यात घालण्याची मागणी करण्यास हरकत काय? आपल्या कायद्यातही घरमालक म्हणजे स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने भाडे घेणारा, अशी व्याख्या आहे, आणि पाणी-वीज तोडण्यास मनाई करणारे कलम २९ मालकाच्या वतीने वागणाऱ्यालाही लागू आहे. ‘आम्ही फक्त सेवा देतो’ हा कंपनीचा बचाव कायद्याच्या शब्दांत बसत नाही. तो प्रत्यक्षात कोणी तपासून पाहिलेला नाही, इतकेच.

कायदा होईल तेव्हा होईल. या पट्ट्यातील कामगारांच्या पतसंस्था कर्जवाटप करतात, दिवाळीला भेटवस्तू देतात, सभासदांच्या मुलांचे सत्कार करतात. त्यांचे निवृत्त सभासद घरमालक आहेत आणि त्यांच्याच कारखान्यांतील कंत्राटी मुले भाडेकरू आहेत. हिशेब ठेवण्याची सवय आहे, कार्यालय आहे, नळ आणि वीज दुरुस्त करणारे सभासदही आहेत. नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचे भाडे न घेता केवळ प्रत्यक्ष खर्च आणि थोडे मानधन आकारून पन्नास-शंभर घरांचा कारभार पाहणे एखाद्या पतसंस्थेला अवघड नाही. उपविधीत दुरुस्ती करून निबंधकाची मंजुरी घ्यावी लागेल, आणि तेथे खेटे घालावे लागतील. भोसरी किंवा आकुर्डीतील एखाद्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडण्यासाठी कार्यकर्त्यांनी आतापासून मराठी कराराचा नमुना आणि पावतीपुस्तक तयार ठेवावे. चाकणच्या खोल्यांपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागेल, कारण तेथे मालक पतसंस्थेचा सभासद नाही, कारखान्यासाठी जमीन गेलेला शेतकरी आहे, आणि लेखी काही दिले तर कूळ लागेल ही भीती १९५७ च्या कृषकदिनापासून त्याच्या घरात मुरलेली आहे. त्याच्याशी बोलणी वेगळी करावी लागतील, आणि ती त्याच्या ओट्यावर बसूनच करावी लागतील.